लेकरांना तान्हेपणापासून ख्रिस्ती विश्वासात वाढवताना : नागपुरातल्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

नागपुरात मंडळीच्या संडे स्कूलमध्ये सगळ्यात लहान मुलांचा वर्ग घेऊन मला बावीस वर्षं झाली. उपासना सुटली की चहाचा कप हातात घेऊन आया मला बाजूला घेतात. "बाई, एक विचारू का?" अशी सुरुवात होते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी प्रोटेस्टंट मंडळीतली आहे. कॅथलिकांची किंवा इतर मंडळ्यांची रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

बाळ चार महिन्यांचं आहे. त्याला काय कळतं? मोठं झाल्यावर शिकवलं तर नाही का चालणार?

बाळाला अर्थ कळत नाही, आवाज कळतो. दूध पाजताना, झोका देताना रोज तेच एक गीत गुणगुणा. थोड्या दिवसांनी ते गीत कानावर पडताच बाळाच्या मुठी सैल पडायला लागतात. आमच्या शेजारी एक आजी नातीला झोपवताना रोज तेविसावं स्तोत्र म्हणायची. पोरगी दीड वर्षांची असेल. एका रात्री आजी "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही" इथवर आली आणि खोकल्यामुळे थांबली. अंधारातून बोबडा आवाज आला, "उणे". मेंढपाळ म्हणजे कोण हे तिला शाळेत गेल्यावर कळलं असेल, पण ते स्तोत्र आजीच्या लुगड्याच्या वासासकट तिच्या आत कधीच जाऊन बसलं होतं.

शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे सांगतो की देवाची वचनं मुलाबाळांच्या मनावर बिंबव, आणि कधी ते पण सांगतो : घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यातली एकही वेळ वर्गातली नाही. तान्ह्या बाळाचा दिवस तरी दुसरं काय असतो? निजायचं, उठायचं, कडेवर बसून फिरायचं.

पौल तीमथ्याला लिहितो की तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, आणि बालपणापासून तुला पवित्र शास्त्र ठाऊक आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तो तान्ह्या बाळाचा आहे. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणीत निजलेल्या येशूलाही तोच शब्द वापरला आहे. म्हणजे लोईस आजी वाट बघत बसली नव्हती.

बाळाचा बाप्तिस्मा आत्ताच करावा, की मोठेपणी त्याचं त्याला ठरवू द्यावं?

हा प्रश्न घराघरात वाद लावतो. आई एका मंडळीतली, बाप दुसऱ्या मंडळीतला असला की आणखीच. म्हणून जरा सविस्तर सांगते.

बालबाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या म्हणतात की कृपा आधी येते, आपलं उत्तर मागून. इस्राएलात आठव्या दिवशी मुलाची सुंता व्हायची तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी तो कराराच्या आत होता. प्रेषितांची कृत्ये, सोळाव्या अध्यायात लुदिया आणि तुरुंगाचा अधिकारी यांचा बाप्तिस्मा सगळ्या घराण्यासह झाला. कॅथलिक मंडळीचा नियम तर असा आहे की आईबापांनी जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बाळाचा बाप्तिस्मा करून घ्यावा.

बॅप्टिस्ट, पेन्टेकॉस्टल आणि तशा मंडळ्या म्हणतात की नव्या करारात माणूस आधी विश्वास धरतो, मग पाण्यात उतरतो. तेव्हा बाळाचं समर्पण करावं, जसं हन्नाने शमुवेलाला नेऊन परमेश्वराला वाहिलं, आणि बाप्तिस्मा त्याच्या स्वतःच्या कबुलीवर सोडावा.

वाद जुना आहे. इ. स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुल्यन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने लिहिलं की लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका. त्याला थांबा म्हणावं लागलं, याचा अर्थ तेव्हाही लोक लहानग्यांना घेऊन येत होते.

आपल्याला नागपूरकर म्हणून यात एक गोष्ट माहीत असायला हवी. 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना याच शहरात झाली. सहा मंडळ्या एक झाल्या. त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, प्रेस्बिटेरियन वारशातले होते आणि बॅप्टिस्टही होते. बाप्तिस्म्यावरून पिढ्यान् पिढ्या वेगळं राहिलेले लोक एका छताखाली आले, ते दोन्ही रिती मान्य करून : हवं त्याने बाळाचा बाप्तिस्मा करावा, हवं त्याने बाळाचं समर्पण करून पुढे कबुलीनंतर बाप्तिस्मा द्यावा. एवढी मोठी माणसं जर या प्रश्नावर एकमेकांना जागा देऊ शकली, तर सासू आणि सुनेलाही देता येईल.

माझं मत विचाराल तर मी माझ्या दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच केला आणि पुन्हा करायची वेळ आली तर तसाच करीन. पण एक सांगते. बाप्तिस्मा असो की समर्पण, त्या दिवशी वचन बाळ देत नाही, तुम्ही देता. पाळकसाहेब विचारतात आणि तुम्ही "होय, देवाच्या साहाय्याने" म्हणता. फोटो, केक, पाहुणे यांच्या गडबडीत ते वाक्य ऐकूच येत नाही. आदल्या रात्री दोघांनी बसून तो विधी एकदा मोठ्याने वाचा.

बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखला म्हणून चालतो का?

नाही. तो मंडळीच्या नोंदवहीचा उतारा आहे. लग्नाच्या वेळी, मंडळी बदलताना लागतो, म्हणून जपून ठेवा. जन्माची नोंद सरकारकडे वेगळी करायची असते, 21 दिवसांच्या आत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून तो सरकारी दाखलाच लागतो. दोन्ही कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे ना, ते तेवढं बघून घ्या.

धर्मपिता-धर्ममाता कोणाला करावं?

जो फोन करून "पोरगं काय म्हणतं? प्रार्थना करतो मी त्याच्यासाठी" असं दहा वर्षांनीही विचारेल त्याला. दुबईतल्या मामाकडून सोन्याची चेन येते म्हणून त्याला करू नका. कॅथलिक मंडळीत या माणसाचं वय साधारणपणे 16 पूर्ण हवं, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेलं हवं आणि तो बाळाचा स्वतःचा आई किंवा बाप चालत नाही.

उपासनेत बाळ रडतं, सगळे वळून बघतात. मूल मोठं होईपर्यंत घरीच राहू का?

राहू नका. तीन वर्षं घरी राहिलेली आई चौथ्या वर्षी सहज परत येत नाही, हे मी पाहिलं आहे.

पुढच्या बाकावर बसा. सगळ्या आया मागे दाराशी बसतात आणि मुलांना समोरच्याची पाठ तेवढी दिसते. ती कंटाळणारच. पुढे बसलं की पेटी वाजवणारे काका दिसतात, पाळकसाहेबांचा झगा दिसतो, प्रभुभोजनाचा प्याला दिसतो. कापडी पुस्तक, मऊ बाहुली जवळ ठेवा, खुळखुळा नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा बाळाला नायलॉनचा झालरवाला फ्रॉक घालू नका, साधं सुती झबलं घाला. निम्मं रडणं त्या फ्रॉकचंच असतं.

आणि जे वळून बघतात त्यांच्यासाठी : शिष्यांनीही पोरांना आणणाऱ्या लोकांना दटावलं होतं. मार्क लिहितो की येशूला ते पाहून राग आला. शिष्यांवर राग आला, पोरांवर नाही.

दोघंही नोकरीला. एक बुटीबोरीला शिफ्टमध्ये, एक मिहानला. रोजची कौटुंबिक उपासना कशी जमायची?

माझ्या माहेरी रात्री आठला गीत, वाचन, प्रार्थना, पाऊण तास. आबा खुर्चीत, आम्ही सतरंजीवर, झोप आली की धाकटा भाऊ सतरंजीच्या दशा विणत बसायचा. ते आता बहुतेक घरांत होत नाही आणि त्याचा अपराध मनात घेऊन लोक काहीच करत नाहीत. पाऊण तास जमत नाही म्हणून पाच मिनिटंही सोडून देतात.

जेवणाची प्रार्थना धरून ठेवा. ताट समोर आहे, वरण-भातावरची वाफ नाकात जाते आहे, तीन वर्षांचं पोरगं हात जोडून बोटांच्या फटीतून लोणच्याकडे बघतं आहे. बघू द्या. प्रार्थना दोन वाक्यांची असू द्या आणि त्यात त्या दिवसाचं एक खरं काही असू द्या. "प्रभू, या भाकरीबद्दल उपकार मानतो. आज बाबांची गाडी बंद पडली तेव्हा त्या अनोळखी काकांनी मदत केली, त्यांना आशीर्वाद दे." मूल यातून शिकतं की देव आपल्या गाडीच्याही गोष्टीत असतो.

दुसरी वेळ निजताना. दिवसातलं एक चांगलं, एक वाईट, मग प्रार्थना. ज्याची शिफ्ट नसेल त्याने करायचं. रात्रपाळीचा बाबा फोनवरून "आमेन" म्हणू शकतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा तेच करतात, आणि ती मला ऐटीत सांगते की आमची प्रार्थना कंपनीतून होते.

मार्टिन लूथरने 1529 साली लहान प्रश्नोत्तरावली लिहिली. तिच्या भागांच्या मथळ्यातच आहे की घरच्या कर्त्याने आपल्या घरातल्यांना हे सोप्या रीतीने कसं शिकवावं. पाळकांबरोबरच त्याने ते काम घरावरही टाकलं, कारण खेडोपाडीच्या मंडळ्या फिरून पाहताना लोकांना प्रभूची प्रार्थनाही येत नाही हे त्याला दिसलं होतं. संडे स्कूल तर त्याहून कितीतरी नंतरचं. रॉबर्ट रेक्सने इंग्लंडात ग्लॉस्टरला 1780 साली कारखान्यात राबणाऱ्या गरीब पोरांसाठी ते सुरू केलं. मी स्वतः संडे स्कूलची बाई आहे, तरी सांगते : माझ्याकडे तुमचं मूल आठवड्याला एक तास असतं. त्या एका तासावर घर उभं करू नका.

मुलं इंग्रजी माध्यमात. मराठी गीतं, मराठी शास्त्र त्यांना कळत नाही. इंग्रजीतच शिकवू का?

या प्रश्नाने माझा जीव तुटतो, म्हणून थोडं लांबवते.

मागच्या नाताळात आठवीतला एक मुलगा वचन वाचायला उभा राहिला. हुशार, वर्गात पहिला येणारा. "गव्हाणीत" या शब्दाशी अडखळला, "ग, गव, गव्हा" करत लाल झाला आणि खाली बसला. मागच्या बाकावर त्याची आजी होती. तिला इंग्रजी येत नाही. त्या घरात नातू आणि आजी यांच्यात एकत्र प्रार्थना करायला भाषाच उरलेली नाही, हे त्या क्षणी मला दिसलं.

मूल इंग्रजीत प्रार्थना करत असेल तर अडवू नका. देवाला सगळ्या भाषा येतात. पण मराठी सोडू नका. आपली गीतं परक्या चालीवर बसवलेली नाहीत सगळी. अभंग, ओवी, साकी, आर्या यांत ख्रिस्ताची भक्ती गाणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याआधी काही काळ त्यांचं बिऱ्हाड नागपुरातच होतं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ भाषांवरून शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, साध्या बायांना वाचता यावं म्हणून. एवढं ज्यांनी केलं त्यांच्या लेकरांना "गव्हाणी" वाचता येऊ नये?

करायचं काय : रात्रीचं वाचन मराठीतून, थोडंसंच, चार-पाच वचनं. अवघड शब्द खेळासारखा काढा. "तारण", "कृपा", "करार", "साक्ष". "कृपा म्हणजे तू माझा कप फोडलास आणि मी तुलाच पहिलं जवळ घेतलं, ते." असं सांगितलं की शब्द राहतो. आणि आठवड्यातून एकदा आजीने गीत शिकवायचं, मोबाइलवरून नाही, तोंडाने.

तान्हा पोळा आला की सगळी पोट्टी लाकडी बैल घेऊन निघतात. आमच्या मुलाला पाठवू का? आणि प्रसाद दिला तर?

नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे लहान मुलांचा पोळा असतो. लाकडी बैल सजवून पोरं घरोघर जातात, लोक बोजारा देतात, म्हणजे खाऊ किंवा पैसे. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. खिडकीतून ते सगळं बघत बसणं पाच वर्षांच्या मुलाला सोपं नसतं.

माझ्या ओळखीच्या विश्वासू घरांत याची दोन उत्तरं आहेत. काही घरं अजिबात पाठवत नाहीत. काही पाठवतात. आम्ही पाठवायचो. माझ्या सासऱ्यांनी आमच्या मुलासाठी सागवानाचा बैल करून घेतला होता, त्याच्या शिंगांना आम्ही सोनेरी कागद लावायचो. निघण्याआधी आम्ही सांगायचो की बैल देवाने केला, तो आपल्यासाठी राबतो, आज त्याचा आभार मानायचा दिवस. आरती चालू असेल तिथे शांत उभं राहायचं, हसायचं नाही, आपण हात जोडायचे ते आपल्या देवाला. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सांगतो की अशा बाबतीत ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि भावाला अडखळण करू नये. पाठवणाऱ्याने न पाठवणाऱ्याला कर्मठ म्हणू नये आणि न पाठवणाऱ्याने दुसऱ्याला ढिला म्हणू नये.

प्रसादाचंही तसंच. करिंथच्या मंडळीला हाच प्रश्न पडला होता, पहिल्या पत्राचे आठ आणि दहा हे अध्याय नवरा-बायकोने एकत्र वाचावेत. तुमच्या घरात घ्यायचा नसेल तर मुलाला "नको काकू, थँक्यू" एवढंच म्हणायला शिकवा. तोंड वाकडं करणं, "ते सैतानाचं असतं" असं शेजारच्या पोराला सांगणं, हे मी माझ्या वर्गात अजिबात खपवून घेत नाही. त्या काकूंनी कदाचित तुमच्या बाळंतपणात डबा आणून दिला असेल.

नाताळात हिशेब उलटा होतो. आपल्या करंज्या, शंकरपाळे, अनारसे डब्यातून त्यांच्याकडे जातात. तो डबा मुलाच्या हातात द्या. दारातून "हॅपी क्रिसमस" ओरडून पळू देऊ नका, आत बसून हा सण कशाचा ते एका वाक्यात सांगायला शिकवा. चांदणी का लावतो? ज्ञानी लोकांना तारा दिसला म्हणून. एवढं सहा वर्षांच्या मुलाला सांगता येतं.

शास्त्रात छडी सांगितली आहे ना? मग मुलाला मारलं तर काय चुकलं?

नीतिसूत्रांत छडी आहे, खरं आहे. तेविसाव्या स्तोत्रातही मेंढपाळाची आकडी आणि काठी आहे, आणि तिथे मेंढरू म्हणतं की त्यांनी मला धीर येतो. ज्या काठीची मेंढराला भीती वाटते ती मेंढपाळाची काठी नव्हे. इफिसकरांस पत्रात बापांना स्पष्ट सांगितलं आहे की मुलांना चिरडीस आणू नका.

माराइतकीच मला दुसऱ्या एका वाक्याची भीती वाटते. "देव बघतोय हं, शिक्षा करील." जेवण उरलं की देव, खोटं बोललं की देव, झोपत नाही की देव. एकदा वर्गात मी विचारलं की डोळे मिटल्यावर देव कसा दिसतो. एक चिमुरडी म्हणाली, "वॉचमनसारखा". तिच्या आईने काही वाईट हेतूने केलं नव्हतं. पण त्या मुलीला पुढे कधी मोठी चूक झाल्यावर ज्याच्याकडे धावत जायचं, त्याच्याचपासून ती लपणार. एदेन बागेत आदाम लपला तसं.

शिस्त लावा, टीव्ही बंद करा, खेळणं काढून घ्या, आपण ठरवलेलं पाळा. आणि तुमची चूक झाली, उगाच ओरडलात, तर मुलासमोर बसून "माझं चुकलं, मला क्षमा कर" म्हणा. क्षमा हा शब्द मुलाला तिथे कळतो.

आजोबा वारले. चार वर्षांची मुलगी विचारते, कुठे गेले? काय सांगू?

"झोपले" असं सांगू नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला तसं सांगितलं, तर तो दोन महिने रात्री आईला झोपू देईना. "देवाला आवडले म्हणून नेलं" असंही नको. मग मूल देवाला न आवडण्याचा प्रयत्न करतं.

खरं सांगा, छोट्या वाक्यांत. आबांचं शरीर खूप आजारी होतं, ते आता चालत नाही, श्वास घेत नाही. आबा प्रभू येशूजवळ आहेत. आपल्याला ते दिसत नाहीत म्हणून आपल्याला रडू येतं. येशूपण लाजराच्या कबरेशी रडला होता. एक दिवस येशू सगळ्यांना उठवणार आहे. मुलगी हेच पुन्हा उद्या विचारील, परवा विचारील. दर वेळी तेच उत्तर द्या, त्याच आवाजात.

कब्रस्तानात न्यावं का? माझ्या मते न्यावं, कोणीतरी तिचा हात धरून. 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी पुष्कळ घरं कबरी धुतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात. मुलं तिथे मेण वितळताना बघतात, दगडावरची नावं वाचतात, आबांच्या शेजारी पणजी आहे हे त्यांना कळतं. संध्याकाळी शंभर मेणबत्त्या लागल्या की ती जागा त्यांना भीतीची वाटत नाही.

शाळेत मुलं म्हणतात, "तुमचा इंग्रजांचा धर्म". मूल रडत घरी येतं.

आधी जवळ घ्या, इतिहास नंतर. मग सांगा की येशू इंग्रज नव्हता, बेथलेहेमचा होता, आपल्याच आशिया खंडातला. केरळात ख्रिस्ती मंडळी इंग्रज यायच्या कित्येक शतकं आधीपासून आहे. नागपुरात स्टीफन हिस्लॉप 1845 साली स्कॉटलंडहून आले, शाळा काढल्या, इथल्या दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, आणि 1863 साली नागपूरजवळच बुडून वारले. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे, त्यात सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. आणि आपण घरात मराठी बोलतो, तर्री-पोहे खातो, आपली आजी नऊवारी नेसायची. यातलं काही इंग्रजांचं नाही.

शाळेत दुसऱ्या धर्माचं शिक्षण किंवा उपासना सक्तीची होत असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय तशी सक्ती करता येत नाही. वर्गशिक्षकांशी शांतपणे बोला. हा नियम आपल्या मिशनच्या शाळांनाही लागू आहे, तिथल्या हिंदू, बौद्ध, मुसलमान मुलांच्या बाबतीत तोच मान आपण ठेवायचा.

मी ख्रिस्ती, नवरा बौद्ध. मुलाला कसं वाढवू?

लपवून काही करू नका, एवढंच पक्कं सांगते. बाबा बाहेर गेल्यावर प्रार्थना आणि बाबा आले की गप्प, यात मूल विश्वासाऐवजी चोरी शिकतं. नवऱ्यासमोर प्रार्थना करा, त्याच्यासाठी त्याच्यासमोर प्रार्थना करा. तो 14 ऑक्टोबरला मुलाला दीक्षाभूमीवर नेतो तेव्हा बाबासाहेबांबद्दल मुलाला आदराने सांगा, त्यात काही कमी करू नका. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, आई यहूदी विश्वासणारी. त्या घरातून तीमथ्य निघाला. बाप्तिस्म्याचं मात्र दोघांनी आधी बोलून ठरवा. बाळ झाल्यावर, दोन्हीकडचे नातेवाईक जमलेले असताना ठरवायची ती गोष्ट नाही.

पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, मी चर्चला येणार नाही. आमचं काय चुकलं?

माझा थोरला असाच म्हणाला होता. दृढीकरणाच्या वर्गाला तीन रविवार गेला आणि चौथ्या रविवारी म्हणाला, "आई, मी उभा राहून होय म्हणेन, पण ते खोटं असेल." मी त्या दिवशी त्याच्यावर खूप ओरडले. संडे स्कूलच्या बाईचा मुलगा, लोक काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात होतं. त्याचं वाक्य मला रात्री ऐकू आलं. तो खोटं बोलायला नाही म्हणत होता. देवासमोर खोटं बोलायचं नसतं हे त्याला मीच शिकवलं होतं.

दृढीकरण पुढे ढकललं. पाळकसाहेबांनी त्याला वर्गाऐवजी आपल्याबरोबर दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला न्यायला सुरुवात केली. तो जायचा. प्रश्न विचारायचा, काहींची उत्तरं पाळकसाहेबांकडेही नव्हती आणि ते तसं म्हणायचे. आज तो पुण्यात नोकरीला आहे. रविवारी जातो की नाही मी विचारत नाही. दर शनिवारी फोनवर मी प्रार्थना करते, शेवटी तो "आमेन" म्हणतो. कधी मोठ्याने, कधी हळू.

पुढे मंडळीचा मोठा गुरू झालेल्या ऑगस्टिनची आई मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षं रडली. त्याचा तान्हेपणी बाप्तिस्मा झाला नव्हता. तो दुसऱ्याच पंथांत गेला, आईला फसवून रोमला निघून गेला. 387 च्या पुनरुत्थानाच्या सणाला मिलानमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो 32 वर्षांचा होता. मोनिका त्याच वर्षी वारली. तुमच्या मुलाच्या आयुष्यातलं 387 कधी येईल हे तुमच्या हातात नाही. जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची आणि त्याच्यासाठीची प्रार्थना मात्र तुमच्या हातात आहे. ओढून नेऊ नका आणि त्याचं नाव प्रार्थनेतून काढू नका.

आम्हालाच शास्त्र नीट ठाऊक नाही. घरात आजी नाही, शिकवायला कोणी नाही. कुठून सुरू करू?

मार्कचं शुभवर्तमान घ्या. चारांत सगळ्यात लहान, सोळा अध्याय. गोष्टी भराभर पुढे जातात, लहान मुलांना चालतात : छप्पर उघडून खाली सोडलेला पक्षाघाती, वादळात नावेत उशीवर झोपलेला येशू, पाच भाकरी, याईराची बारा वर्षांची मुलगी आणि "हिला खायला द्या" म्हणणारा येशू. रोज एक प्रसंग, तुमच्या शब्दांत. बाळ मांडीवर असलं तरी मोठ्याने वाचा. चुकलात तर चुकलात, पाळकसाहेबांना विचारा, दुसऱ्या दिवशी मुलांना सांगा की काल मी चुकीचं सांगितलं.

आज रात्री पहिला अध्याय. दिवे मालवण्याआधी, पंखा चालू करून, पाच मिनिटं.